लाव्ह्याची अंडी म्हणजे कैऱ्या नव्हेत

गेले काही महिने लाव्हे (बटेर) पाळण्याबद्दलचा एक मजकूर मोबाइलवरून घरोघरी फिरतो आहे. एकट्या माझ्याकडेच तो चार जणांकडून आला. त्याचा सारांश असा : बाल्कनीत दोन बाय दोन फुटांचा पिंजरा ठेवा, वीस लाव्हे आणा. यांना रोग होत नाही, लस लागत नाही, वास येत नाही. अंड्यात कोलेस्टेरॉल नसतं, कच्चं प्यायलं तरी बाधत नाही, दमा आणि मधुमेह बरा होतो. घरची अंडी म्हणजे पैशांची बचत. आणि उरलेली अंडी उकडून, टोचून, तेल-मसाल्यात घाला. कैरीच्या लोणच्यासारखी वर्षभर फडताळात टिकतात.

आमच्या गच्चीवर सात वर्षं लाव्हे आहेत. त्यांच्या अंड्यांचं लोणचंही मी घालते. हा पक्षी मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही. सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करते, कारण या चुकीनं थेट माणूस जाऊ शकतो.

कैरीचं लोणचं वर्षभर का टिकतं? कैरी मुळातच आंबट. त्यात मीठ सढळ हातानं पडतं, ते फोडींना पाणी सुटायला लावतं आणि स्वतः आत शिरतं. फोड आरपार आंबट आणि खारट होते. वरचा तेलाचा थर हवा अडवतो, म्हणून बुरशी धरत नाही. आता उकडलेलं अंडं घ्या. ते आंबट नाही. आतला बलक जवळजवळ उदासीन असतो, त्याचा सामू (आंबटपणाचं माप, pH; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) सहाच्या पुढे. मसाला आणि मीठ बाहेरच्या पांढऱ्याला लागतं, बलकापर्यंत पोचायला फार वेळ घेतं. आणि कैरीला जो तेलाचा थर राखतो, तोच इथे घात करतो. बोट्युलिनम नावाचा जिवाणू हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या, दमट जागीच वाढतो आणि विष तयार करतो. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त आणि चिवट रूपं, मातीत सगळीकडे असतात, साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. सामू ४.६ च्या खाली गेला की त्यांची वाढ थांबते. तेलाखाली बुडालेलं उकडलेलं अंडं आणि आपल्याकडचा मे महिना, म्हणजे त्यांना हवं ते सगळं एका बरणीत.

हे नुसतं पुस्तकातलं भय नाही. १९९७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एक ६८ वर्षांचे गृहस्थ घरी व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी खाऊन याच विषबाधेनं अंथरुणाला खिळले. त्यांनी अंडी टूथपिकनं टोचली होती आणि बरणी फ्रिजबाहेर ठेवली होती. तपासात बरणीतल्या पाण्याचा सामू निघाला ३.५, म्हणजे चांगलं आंबट. पण विष बाहेरच्या पाण्यापेक्षा बलकात सुमारे हजार पट जास्त होतं. टोचल्यामुळे जिवाणू आत गेले, आंबटपणा मात्र त्यांच्या मागोमाग आत गेला नाही. व्हिनेगरमध्ये ही गत, तर नुसत्या तेलात काय होईल?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेनं हौसेनं अशीच बरणी आणली होती. प्रत्येक अंड्याला काट्यानं तीन-चार भोकं, 'मसाला आत मुरावा म्हणून'. तीन आठवडे ओट्यावर होती. वास छान, रंग छान. या विषाला वास नसतो, चवही बदलत नाही, म्हणून 'चाखून बघू' हा मार्गच नाही. ती बरणी मी टाकायला लावली. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. ऐंशी अंडी सोलायला दोन तास गेले होते तिचे.

मी घालते ते असं. अंडी चार-पाच मिनिटं उकडून लगेच गार पाण्यात. सोलून कुठलंही अंडं फाटलं असेल तर ते तिथेच खाऊन टाकायचं, बरणीत जाऊ द्यायचं नाही. टोचणं तर नाहीच. लेबलवर पाच टक्के आम्लता लिहिलेलं व्हिनेगर, त्यात पाणी न मिसळता, मीठ, मोहरी, मिरी, लसूण घालून उकळायचं आणि उकळत्या पाण्यात धुऊन घेतलेल्या काचेच्या बरणीतल्या अंड्यांवर गरम गरम ओतायचं. अंडी पूर्ण बुडायला हवीत. निवली की थेट फ्रिजमध्ये. एवढीशी अंडी एक-दोन आठवड्यांत मुरतात. फ्रिज नीट गार राहत असेल तर तीन-चार महिने चालतात असं जाणकार सांगतात. आमच्याकडे वीज जाते, म्हणून मी महिन्याभरात संपवते. ताटात वाढण्यापुरतीच बरणी बाहेर. फोडणीचं, तेलातलं हवं असेल तर तेही करते, पण ते तोंडीलावणं समजून फ्रिजमध्ये ठेवते आणि तीन दिवसांत संपवते.

आता रोग. लाव्हा कोंबडीपेक्षा काटक आहे, हे खरं. पण रोगच होत नाही? आतड्याला व्रण पडणारा एक रोग तर लाव्ह्यांत इतका आढळतो की त्याला इंग्रजीत लाव्ह्यांचाच रोग म्हणतात. रक्ती हगवण होते. राणीखेत होतो. बर्ड फ्लूही होतो, आणि आपल्या राज्याला हे नव्यानं सांगायची गरज नाही : देशातली पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच आली, २०२१ च्या जानेवारीत परभणीचं मुरुंबा गाव होतं. बाधित क्षेत्रात पक्षी सरसकट मारले जातात, घरचे चारही सुटत नाहीत. पक्षी एकाएकी मरायला लागले तर पुरून मोकळं होऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. वास येत नाही म्हणणाऱ्यानं ट्रे दोन दिवस न काढता बघावं. अमोनियानं डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचेही. आणि नर पहाटे ओरडतो. शेजारी आधी विचारून घ्या.

कच्च्या अंड्याच्या दाव्यामागे कारण असं दिलेलं असतं की लाव्ह्याचं अंग फार गरम, म्हणून साल्मोनेला जगत नाही. कोंबडीचं अंगही तेवढंच गरम असतं, ४१ ते ४२ अंश, आणि त्या उष्णतेत साल्मोनेला मजेत वाढतो. ठिपकेदार टरफलावर विष्ठा लागलेली असते ती वेगळीच. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना कच्चं अंडं देऊ नका, मग ते कुणाचंही असो. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना लाव्ह्याच्या अंड्याचीही येऊ शकते.

कोलेस्टेरॉलचं तर उलटच आहे. शंभर ग्रॅम लाव्ह्याच्या अंड्यात ते सुमारे ८४० मिलिग्रॅम असतं, कोंबडीच्या अंड्यात सुमारे ३७०. एक अंडं नऊ-दहा ग्रॅमचं म्हणून आकडा लहान वाटतो, पण पाच खाल्ली की कोंबडीच्या एका अंड्याच्या दुप्पट झालं. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखी. लोह लाव्ह्याच्या अंड्यात दुपटीनं आहे, तेवढं श्रेय मी आनंदानं देते. दमा किंवा मधुमेह या अंड्यांनी बरा होत नाही. केरळात एक म्हण आहे, हजार कोंबड्या बरोबर अर्धा लाव्हा. म्हण म्हणून गोड आहे, पण तिच्या भरवशावर कुणी इन्सुलिन बंद करू नये.

पैशांचा हिशेब मी वहीत ठेवते, तो मांडते. वीस पक्ष्यांत पंधरा माद्या, पाच नर. प्रत्येकी दिवसाला २५ ग्रॅम खाद्य, म्हणजे रोज अर्धा किलो. अंडी चांगल्या दिवसांत बारा, वजन १२० ग्रॅम. कोंबडीच्या दोन अंड्यांहून थोडं जास्त, तेवढंच. तेवढ्या अंड्यांसाठी कोंबड्या पाव किलोच्या आतबाहेर खातात. शिवाय लाव्ह्याला अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं साधं (लेअर) खाद्य पुरत नाही, प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर लागतात आणि पिलांना त्याहून जास्त. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी घटतात. दिवा लावून १४ ते १६ तास उजेड द्यावा लागतो. पाळीव लाव्ही अंड्यांवर बसत नाही, ती सवयच गेली आहे, म्हणून पिलं हवीत तर उबवणी यंत्र घ्या. सतरा-अठरा दिवसांनी सात-आठ ग्रॅमचं पिल्लू निघतं, पाण्याच्या ताटलीत बुडून मरतं. ताटलीत गोट्या टाका. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब द्या. चार चौरस फुटांत वीस पक्षी हे व्यापाऱ्याचं माप आहे. घरी मी निम्मेच ठेवते, नाहीतर एकमेकांची डोकी फोडतात.

अंडं पहिल्या सहा-सात आठवड्यांतच मिळायला लागतं, पोरं रोज टोपली घेऊन गच्चीवर धावतात, खताला विष्ठा मिळते. ही सुखं खरी आहेत. बचत म्हणून मात्र पाळू नका.

एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. पाळायचा तो जपानी लाव्हा, जो १९७४ मध्ये अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला संशोधनासाठी आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. आपल्या माळरानावरचे लाव्हे वेगळे. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, त्यांना धरणं आणि विकणं गुन्हा आहे. बाजारात पाटीखाली झाकून स्वस्तात मिळणारी जोडी बहुधा जाळ्यातून आलेली असते, पिंजऱ्यात डोकं आपटून दोन दिवसांत मरते. विकणाऱ्याला पिलं कुठल्या हॅचरीतली ते विचारा, पावती मागा. पावती नसेल तर तिथून पक्षी घेऊ नका.