माझीच रांग, मीच घुसखोर

परवा इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये एका बाईनं मला रांगेत घुसल्याबद्दल झापलं. ती रांग मी लावली होती. म्हणजे मुळात रांग नव्हतीच, तिथे नुसता मी उभा होतो.

सगळा दोष भाचीचा. ती तिकडे शिकते आणि सुट्टीच्या दिवशी जिओकॅशिंग करते. कुणीतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी फोन हातात धरून ती हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी जागच्या जागी ठेवून द्यायची. बक्षीस? काही नाही. अमेरिकेनं २००० सालच्या मे महिन्यात जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दोन दिवसांत ऑरेगॉनमधल्या एका गृहस्थानं जंगलात बादली लपवली. सैन्याचं तंत्रज्ञान हाती आल्यावर माणसाला पहिलं काय सुचतं, तर बादली लपवणं. असो.

"मामा, ही नॅनो आहे. वाटाण्याएवढी, खाली लोहचुंबक. आणि कुणाला कळू देऊ नकोस हं, मगल्सनी पाहिली की डबी गेलीच समज," एवढं बजावून ती कॉफी आणायला गेली. मगल म्हणजे हा खेळ न खेळणारा. शब्द जादूगार पोराच्या कादंबऱ्यांतला, आणि शॅम्बल्स ही गल्ली त्याच पोराच्या भक्तांनी तुंबलेली. म्हणजे झगे घालून छड्या परजणारे ते सगळे मगल, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला मी तेवढा जादूगार.

शॅम्बल्स ही एके काळची खाटीकआळी. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीनजुमल्याच्या जुन्या नोंदवहीत, तिचा उल्लेख आहे. मांस मांडायच्या फळ्या आणि टांगायचे आकडे अजून दुकानांबाहेर दिसतात; खाटीक मात्र औषधालाही उरला नाही. घरांचे वरचे मजले एकमेकांवर इतके झुकलेत की मांसाला ऊन लागत नसे. ऊन पोचत नाही तिथे उपग्रह कुठून पोचणार? फोनवरचा ठिपका कधी समोरच्या दुकानात, कधी थेट छपरावर. सूचना एकच: 'टांगलेलं'. आणि आकडे गल्लीभर!

एका बंद दारापाशी मी आकड्याखाली बोटं फिरवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "रांग इथूनच सुरू होते ना?"

हिरवी छत्री, वय सत्तरीच्या आसपास, चेहरा निवृत्त मुख्याध्यापिकेचा.

आता खरं सांगावं, तर २०११ साली इथून जवळच वेदरबीत असाच एक डबा संशयास्पद वाटला म्हणून सैन्याच्या बॉम्बपथकानं उडवला होता. माझ्या रंगाच्या माणसानं भिंतीच्या फटीत बोटं घालून "छे, छे, मी आपली एक छोटीशी डबी शोधतोय" म्हणायचं? भाचीला असले प्रश्न पडत नाहीत. मला पडतात.

मी म्हणालो, "हो."

बाई मागे उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे एक जोडपं. मग झगेवाली चार पोरं.

"आत काय आहे हो?"

"खरंच माहीत नाही."

बाईंनी मान डोलावली आणि मागे वळून जाहीर केलं, "हे गृहस्थ सांगायला तयार नाहीत. म्हणजे बघण्यासारखं असणार."

"तिकीट आहे का?" जोडप्यातला नवरा.

"यांनी काढलेलं दिसत नाही," बाईंनी माझ्या वतीनं खुलासा केला. "वीस वीस मिनिटांनी सोडत असतील."

पाच मिनिटांत 'वीस मिनिटांनी सोडतात' ही पक्की बातमी झाली होती. मागचे पुढच्यांना घड्याळ दाखवत होते.

इतक्यात भाचीचा फोन. "मामा, दोन दारं सोडून पलीकडचा आकडा बघ." गेलो. आकडा रिकामा. परत आलो, तर हिरवी छत्री रेल्वेच्या फाटकासारखी आडवी झाली.

"रांग तिकडे संपते."

"अहो, मी पहिला होतो!"

"होतात," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे वेगळी पद्धत असेल."

हे मात्र लागलं. अजूनही लागतंय. रेशन, रॉकेल, गॅस, माझी निम्मी हयात रांगेत गेली. बाई, तुमच्या देशात पाय ठेवायला व्हिसासाठी उभा होतो, तीसुद्धा रांगच होती, आणि फुकट नव्हती. पण हे मराठीत सुचलं. इंग्रजीत मी "सॉरी" म्हणालो आणि चौदा माणसांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

तिथून एवढंच दिसलं की बाईंनी छत्री मिटली आणि निवांतपणे माझ्या आकड्याला अडकवली.

भाची दोन कॉफ्या घेऊन आली. "अय्या, मामा, ही रांग कसली?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "पण मध्ये घुसू नकोस. बाई ओरडतात."