अंगठ्याच्या ठशातली हुशारी

परवा वहिनीचा फोन, आवाज एकदम रडवेला. "भाऊजी, रिपोर्ट आलाय, याचं लॉजिकल फक्त अकरा टक्के आहे हो." मला आधी वाटलं ब्लड रिपोर्ट वगैरे आहे की काय. मग कळलं, पुतण्याच्या शाळेत डीएमआयटीवाले, म्हणजे बोटांच्या ठशांवरून पोराची हुशारी सांगणारे, आले होते, दहाही बोटांचे ठसे मशीनवर घेतले, साडेतीन हजार घेतले आणि चाळीस पानांची रंगीत पीडीएफ पाठवून मोकळे. पोरगं तिसरीत आहे, आणि रिपोर्ट म्हणतो सायन्सला घालू नका!!

एम.ए.ला सायकॉलॉजी होतं म्हणून घरातले असले फोन मलाच येतात, तर म्हटलं इथेच लिहून टाकावं.

त्या पीडीएफमध्ये पानोपानी हॉवर्ड गार्डनर, अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ. आता या माणसाने १९८३ मध्ये मांडलं की बुद्धी एकच नसते, भाषेची, गणिताची, संगीताची, शरीराची अशा सात वेगवेगळ्या असतात (आठवी, निसर्गाची, त्याने नंतर घातली). मेंदूला इजा झालेल्या पेशंटांबरोबर त्याने काम केलेलं, एखाद्याची भाषा जाते पण सूर शाबूत राहतो, असं बघून त्याला हे सुचत गेलं. खरं सांगायचं तर या थिअरीलाही पुरावा तसा लंगडाच आहे, स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्येच दाखवलेलं की एका विषयात बरी असणारी पोरं बहुतेक वेळा दुसऱ्यातही बरी असतात, आणि बुद्धी वेगवेगळ्या असतील तर असं का, हे कोडं गार्डनरला काही नीट सुटलेलं नाही. पण ते राहू दे, बोटांच्या ठशांचा यात संबंध कुठून आला? ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात, त्यात पाढे कुठून उमटणार?

बुद्धी मोजायचीच असेल तर पोराला समोर बसवून काहीतरी करायला लावावं लागतं हो. १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमोन या दोघांनी बुद्धीची चाचणी बनवली, त्यात तेच केलं. एकूण तीस कामं, सोप्यापासून अवघड. हे आकडे माझ्यामागून म्हण. माशी आणि फुलपाखरात फरक काय, सांग. आणि हेतू एवढाच की शाळेत मागे पडणारी मुलं वेळेत ओळखून त्यांना वेगळं शिकवावं. बुद्धी वाढत नाही म्हणणाऱ्यांवर तर बिने चक्क चिडायचा. आपल्याकडे कामतांनी त्याच चाचणीवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी केली, बिने-कामत म्हणतात ती, अजूनही वापरतात. त्यातही दोष आहेत, जुनी झालीये, पण निदान समोरचा माणूस पोराशी बोलतो तरी!

वहिनीला एवढं सगळं नाही सांगितलं, म्हटलं पैसे गेले समजा. मागून पुतण्याने फोन घेतला, "काका, माझ्या बोटात म्युझिक आहे म्हणे, मग पेटीच्या क्लासला मला झोप का येते?"