तिसरा मेसेज कुणी पाठवतच नाही

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या एखाद्या मेंटेनन्स हेडला लिंक्डइनवर रोज काय येतं? "रिस्पेक्टेड सर, एनी व्हेकन्सी?" सोबत सीव्ही, फाइलचं नाव 'न्यू फायनल २'. पोरं म्हणतात, सर उत्तर देत नाहीत. अहो, पण याला उत्तर तरी काय द्यायचं? रेफरल, म्हणजे आपल्या कंपनीत कुणाची शिफारस, देणारा स्वतःचं नाव पणाला लावतो. तो ओळख नसलेल्यासाठी ते का लावेल?

तरी अनोळखी माणसाला लिहायचंच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची बातमी बहुतेकदा जवळच्या दोस्ताकडून नाही, लांबच्या ओळखीतून येते. दोस्ताला माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच की.

लिंक्डइनच्या फुकट खात्यात कनेक्शनच्या रिक्वेस्टसोबत २०० अक्षरांची चिठ्ठी जाते, तीही महिन्याला मोजक्याच जणांना. मराठीत काना-मात्रा-वेलांटीही मोजली जाते, म्हणून आटोपशीर लिहा: "नमस्कार सर, मी लातूरला पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कूलंटवरची तुमची पोस्ट वाचली. आमच्या वर्कशॉपातही तोच त्रास आहे." (कूलंट म्हणजे मशीनवर धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते पाणी मिसळलेलं द्रव.) बस. मागायचं काही नाही.

दुसरा मेसेज रिक्वेस्ट स्वीकारल्यावर. एकच प्रश्न, दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा. "करिअरबद्दल मार्गदर्शन करा" हा प्रश्न नाही, ओझं आहे. "सुट्टीनंतर मशीन सुरू केली की कूलंटला वास येतो. वर तरंगणारं तेल आधी काढावं का कॉन्सन्ट्रेशन आधी तपासावं?" याला कामातला माणूस चहा पिता पिता उत्तर देतो.

आणि मग पोरगं "थँक्यू सर" लिहून गायब. खरी ओळख इथून पुढं सुरू होणार असते राव! सांगितलं ते करून बघा आणि पंधरा दिवसांत तिसरा मेसेज पाठवून कळवा: "तेल काढलं. रिफ्रॅक्टोमीटरवर कॉन्सन्ट्रेशन ३ टक्के निघालं, ६ वर नेलं. वास गेला." नाही गेला तर तेही लिहा. सल्ला देणाऱ्याला त्याचं पुढं काय झालं हे सहसा कधी कळतच नाही, त्यामुळे कळवणारा लक्षात राहतो. नोकरीचं विचारायचं ते असं दोन-तीनदा झाल्यावर, आणि तेही नेमकं: कोणती जागा, तिचा जाहिरात क्रमांक, एका पानाचा पीडीएफ सीव्ही, फाइलला स्वतःचं नाव. "जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा" ही ओळ टाकाच, नाहीतर समोरचा नाही म्हणायच्या संकोचानं गप्पच बसतो.

उत्तर आलं नाही म्हणून रिक्वेस्ट मागे घेऊन लगेच परत पाठवायला जाऊ नका. तीन आठवड्यांपर्यंत त्याच माणसाला पाठवताच येत नाही. नंबर मिळाला की थेट व्हॉट्सअ‍ॅप कॉल नको, गुड मॉर्निंगचे गुलाब तर नकोच. "मी पण परभणीचा" हे जरूर लिहा, त्यानं मेसेज उघडला जातो, पण तेवढ्यावर कुणी रेफरल देत नाही. आणि 'सर'वरून 'दादा'वर आपण होऊन उतरू नका. त्यांनीच एखाद्या दिवशी "काय रे, कसं चाललंय" लिहिलं, की मग खुशाल दादा म्हणा.