कुंडीतल्या मेथीने मंगळावरची शेती सिद्ध होत नाही

‘मंगळाची माती’ विकत आणून कोणी घरच्या कुंडीत मेथी उगवली, त्या अर्थी मंगळावर शेती करता येते हे सिद्ध झाले, असा दावा छायाचित्रांसह सर्वत्र फिरतो आहे. हौशी प्रयोगांविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच तो खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

मुळात ती माती मंगळावरची नाहीच. तिथल्या मातीचा एकही नमुना कोणत्याही यानाने अद्याप पृथ्वीवर आणलेला नाही. विकत मिळते ती तिच्याशी साधर्म्य असलेली, पृथ्वीवरच्याच खडकांची किंवा ज्वालामुखीच्या राखेची कृत्रिम माती, आणि तिच्यात परक्लोरेट क्षार सहसा नसतात. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत हे क्षार सुमारे अर्धा टक्का आढळले. ते पाण्यात विरघळतात, मुळांवाटे पानांत साठतात आणि खाणाऱ्याच्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत. म्हणजे अशा प्रयोगांत हौसेने लावली जाणारी पालेभाजीच तिथे धोक्याची ठरू शकते. शिवाय कुंडीत शेणखत मिसळलेले असेल, तर पिकाचे श्रेय कोणाला द्यायचे?

दावा करणारे कोंबाकडे बोट दाखवतात. पण ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीलाही मोड येतात, कारण सुरुवातीचे पोषण बियांतच असते. फ्लोरिडा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रावरच्या खऱ्या मातीत मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस लावली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बिया रुजल्या, पण पुढे मुळे खुंटली, वाढ मंदावली आणि काही रोपांची पाने लालसर पडली. शेजारी चंद्रमातीची नक्कल म्हणून वापरलेल्या ज्वालामुखीच्या राखेतील रोपे मात्र अधिक चांगली वाढली. खरी माती आणि तिची नक्कल यांतले अंतर याहून स्पष्ट दिसणे कठीण. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, हे तर कुंडीत तपासलेच जात नाही.

यावरून घरचे प्रयोग व्यर्थ आहेत असे म्हणणेही तितकेच चूक आहे. अमेरिकेतील मायामीजवळचे फेअरचाइल्ड वनस्पती उद्यान आणि नासा यांच्या उपक्रमात २०१५ पासून शाळकरी मुले ठरावीक प्रकाशात, ठरावीक जागेत भाज्यांच्या वाणांची तुलना करत आली आहेत. त्यांनी पारखलेला पाक चोय या चिनी पालेभाजीचा एक बुटका वाण २०२१ मध्ये अंतराळ स्थानकावर वाढवला गेला. त्या मुलांनी मंगळाविषयी काहीही सिद्ध केल्याचा दावा केला नाही. मर्यादित जागेत कोणता वाण अधिक पाने देतो एवढेच त्यांनी मोजले, आणि ते उपयोगी पडले.