‘चिखलात जायचंय? डोळे मिटून मड टायर टाका’ : हा सल्ला का चुकतो

पाऊस तोंडावर आला की गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चिखलात जायचं तर डोळे मिटून मड टायर टाका; टायर जितका रुंद आणि मोठा, तितकी पकड जास्त; चिखल लागला की हवा निम्मी करा; एवढं केलंत की फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद पोचवणारी) नसली तरी गाडी अडत नाही. नवी थार किंवा जिम्नी घेतलेली पोरं हे वाचून कंपनीचे कोरे टायर उतरवतात आणि पाऊण लाखाच्या खर्चाच्या विचारात पडतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मड टायर चिखलात सरस असतो, यात वाद नाही. त्याच्या नक्षीत रबराचे मोठे ठोकळे आणि मधे रुंद, खोल खाचा असतात. चाक जोरात फिरलं की खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळ्यांच्या कडा पुन्हा जमीन धरतात. पण त्याच खाचांमुळे डांबराला टेकणारं रबर कमी होतं. ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या बारीक चिराही या ठोकळ्यांवर थोड्याच असतात. आता शनिवारची सहल डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावच्या बाजूला उतरायचं, म्हणजे शंभरेक किलोमीटर डांबर, आणि चिखल असतो तो एखाद्या वाडीकडे वळल्यावरचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर. जुलैत त्या घाटात धुकं असतं, रस्ता पाण्याने चकाकत असतो आणि वळणापलीकडे धबधब्यापाशी गाड्या थांबलेल्या असतात. तिथे ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते हा जिवाचा प्रश्न आहे. अशा वापराला ऑल टेरेन टायरच (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठी बनवलेला) योग्य. चिखलात तो थोडा कमी पडेल, पण घाटात तुम्हाला सांभाळून आणेल. ज्यांची रोजची वाटच चिखलाची आहे किंवा जे ऑफ-रोड स्पर्धांत उतरतात, त्यांनी मड टायर जरूर घ्यावा.

आणखी एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मड टायर साफ व्हायला चाक जोरात फिरावं लागतं, आणि तेच चाक वाट उकरतं. आपण सोमवारी ऑफिसात असतो. त्या फूटभर खोल चाकोऱ्यांतून दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं जातात.

रुंदीचा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण त्यात ‘चिखल’ म्हणजे एकच काहीतरी आहे असं धरलेलं असतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर बऱ्याच वाटांवर तांबडा चिखल चार-सहा बोटं असतो आणि खाली जांभा किंवा मुरूम लागतो. इथे अरुंद टायर चिखल कापून खालचा कडक थर गाठतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो. जुन्या विलीज जीपचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे जेमतेम ६ इंच रुंद होते, आणि ती जीप कुठे कुठे गेली हे सांगायला नको. जिम्नीचा १९५ मिलिमीटर रुंदीचा टायर बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

देशावरच्या काळ्या मातीचा हिशेब वेगळा. तिला लवकर तळ लागत नाही, तेव्हा रुंद टायर तरंगायला मदत करतो हे खरं. पण ती चिकण माती खाचांत अशी गच्च बसते की चाकाच्या दोन फेऱ्यांत मड टायरचाही गुळगुळीत रूळ होतो. शेतकरी स्वतः वापसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, त्या रानात ट्रॅक्टर घालत नाही. भातखाचरात चिखलणी करतानाही ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात. जिथे ट्रॅक्टरच्या रबराचं भागत नाही, तिथे आपल्या टायरने काय होणार?

मोठ्या मापाचं गणित स्वतः करून पाहा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १५ इंची), व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. त्याजागी लोक २३५/७५ आर १५ टाकतात. त्याचा व्यास ७३३. गाडी उचलली जाते व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे फक्त २० मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटरच्या त्याच आकड्याला खरा वेग जवळपास ६ टक्के जास्त होतो, आणि चढावर रांगताना गिअर तेवढाच उंच पडतो, म्हणजे चाकाची ओढ कमी होते. शिवाय जड चाकाचा भार ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर येतो तो वेगळाच.

हवा कमी करणं बरोबर, निम्मी करणं चूक. हवा उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि पकड वाढते. ३२ वरून २२ ते २४ पीएसआयवर आलात तरी फरक जाणवतो. १६ वर आणाल तर बाजूची भिंत फुगून बाहेर येते, आणि जांभ्याची धार ती सहज चिरते. हा कट पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. आडव्या उतारावर वळताना टायर रिमवरून निसटण्याचा धोकाही वाढतो. कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा काढूच नका, कारण डांबरावर येण्याआधी ती परत भरावीच लागते. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

राहिला फोर बाय फोरचा मुद्दा. दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या, साध्या डिफरन्शियलच्या (त्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) गाडीत एक चाक अधांतरी किंवा निसरड्यावर आलं की ताकद त्यातच वाया जाते. दुसऱ्या चाकाला कितीही भारी टायर लावा, ते ढिम्म हलत नाही.

टायर घ्यायला जाल तेव्हा बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आणि माप बदलणारच असाल तर स्टेपनीही त्याच मापाची घ्या. थार किंवा जिम्नी कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणारा नेहमीच्या वेगाचा गिअर) तशीही चालवायची नसते; त्यात एक चाक लहान-मोठं असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणखी ताण येतो, आणि त्या दुरुस्तीपुढे टायरचा खर्च काहीच नाही.