स्वस्तात रिंगवर जायचं, तर पैसे वाचवायचे कुठे?

मन्याचा हिशेब पक्का होता. विमानाचं तिकीट सेलमध्ये काढायचं, एअरपोर्टवर सगळ्यात स्वस्त गाडी भाड्याने घ्यायची, हॉस्टेलवर झोपायचं आणि शनिवार-रविवार जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची. "नॉर्डश्लायफ, म्हणजे तिथला जुना ट्रॅक, कायद्याने टोलचा रस्ता आहे. एका फेरीला तीस-पस्तीस युरो. यात महाग काय आहे, सांगा ना!"

डहाणूकर कॉलनीच्या चौकातल्या आमच्या कट्ट्यावर सध्या दुसरा विषयच नाही. चहा येतो, गार होतो, वाद चालूच.

अण्णांचं कर्वेनगरला गॅरेज आहे. ते सगळं ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात. या वेळी विचारलं, "भाड्याच्या गाडीचा करार वाचलास का रे?"

मन्याने वाचला नव्हता. नेहमीच्या भाड्याच्या गाड्या रिंगवर न्यायला करारातच मनाई असते. तरी नेली आणि ठोकली, तर विमा गेला आणि गाडीची किंमत तुमच्या बोडक्यावर. शिवाय कडेचं लोखंडी गार्डरेल वाकलं, तर त्याची दुरुस्ती आणि गाडी ओढून नेण्याचा खर्चही तुमच्याचकडून वसूल होतो. तिथल्या फेऱ्यांसाठी खास गाड्या देणारे वेगळे असतात, सुझुकी स्विफ्टपासून पुढे. त्या महाग पडतात, पण नुकसान झालं तर तुम्हाला जास्तीत जास्त किती भरावं लागेल तो आकडा आधी लिहून मिळतो. तोही हजारो युरोंत जातो.

"म्हणजे तिकिटात वाचवलेलं एका वळणावर गेलं," पक्या म्हणाला.

माझं मत अण्णांच्या बाजूने आहे. जेवणात वाचवा, राहण्यात वाचवा, चौघांत एक खोली घ्या. गाडी आणि तिच्या विम्यात मात्र एक रुपया कमी करू नका. आपला नेहमीचा प्रवासविमा बहुतेक वेळा रेसिंग आणि ट्रॅकवरचे अपघात सरळ वगळतो, ते कलम निघण्याआधी शोधून वाचायचं. जर्मनीच्या शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावं लागतं, पण ते कागद पुरे करण्यापुरतं झालं. ट्रॅकवर हाड मोडलं तर ती पॉलिसी उपयोगी पडेलच असं नाही.

पक्याचा आग्रह मलेशियाचा. सेपांग ट्रॅक ५.५४३ किलोमीटरचा, १९९९ ते २०१७ तिथे फॉर्म्युला वन झालं, क्वालालंपूरचा एअरपोर्ट अगदी जवळ. भारतीयांना सध्या व्हिसा लागत नाही, अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरलं की झालं. "आणि स्टीअरिंग आपल्यासारखं उजवीकडे!" हा त्याचा हुकमी एक्का. तो मुद्दा खरंच मोठा आहे. अनोळखी ट्रॅक, अनोळखी गाडी आणि त्यात जर्मनीत उजव्या हाताने गिअर बदलायचे, म्हणजे निम्मं लक्ष तिथेच जातं. अडचण वेगळीच आहे. तिथले ट्रॅक डे, म्हणजे पैसे भरून ट्रॅकवर गाडी चालवण्याचे दिवस, मुख्यतः स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांचे. आपल्याला गाडीसकट जागा देणारा आयोजक गाठावा लागतो, आणि दुपारच्या वळवासारख्या पावसाने अर्धा दिवस धुऊन गेला तर पैसे परत मिळतील का, हे आधीच विचारून ठेवावं लागतं.

दुबई-अबुधाबीचं नावही निघालं. अबुधाबीच्या यास मरिना ट्रॅकवर प्रशिक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवता येते, पण मोजक्याच फेऱ्या. फोटो छान येतील, शिकणं कमी. यावर कुणी फार बोललं नाही.

व्हिसाची कामं करणारी ताई मग मध्ये पडली. "अरे बाबांनो, वीकेंडचा हट्ट का धरताय? नॉर्डश्लायफवर सोमवार ते गुरुवार फेरी स्वस्त असते. ट्रॅक संध्याकाळी दोनेक तासच उघडतो, पण गर्दी कमी. रविवारी अपघातांमुळे ट्रॅक पुन्हा पुन्हा बंद होतो आणि तुम्ही पार्किंगमध्ये बसून राहता." तिकीट माणशी नसून गाडीमागे असतं, हेही तिनेच सांगितलं. मागे बसणाऱ्याला वेगळे पैसे नाहीत. व्हिसाचे ९० युरो मात्र प्रत्येकी. गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट आरटीओतून हजार रुपयांत निघतं आणि वर्षभर चालतं.

एक दिवस मोकळा ठेवा, असंही ती म्हणाली, आणि हे मला सगळ्यात पटलं. रिंग आहे त्या आयफेलच्या डोंगरात धुकं कधी उतरेल याचा नेम नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या फॉर्म्युला वन शर्यतीचा शुक्रवारचा सगळा सराव धुक्यात गेला, कारण जखमींना न्यायचं हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. ती तर शेजारच्या छोट्या, आधुनिक ट्रॅकवरची गोष्ट. जुना ट्रॅक २०.८ किलोमीटरचा, सत्तरहून अधिक वळणांचा. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला ओला रस्ता.

अण्णांनी मग ब्रेकचं सांगितलं. उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले की ब्रेकचं तेल तापतं. डॉट ४ दर्जाचं तेल नवं असेल तर निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण जुन्या तेलाने हवेतला ओलावा पिलेला असतो आणि ते १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. त्यांनी कट्ट्याच्या कडेवर पाय टेकवून दाखवलं: पेडल आधी घट्ट, मग मऊ, मग जमिनीला. "हे पायाला कळायला हवं. ते कळायला जर्मनी कशाला? कोइम्बतूरला कारी स्पीडवे आहे, २.१ किलोमीटर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. आधी तिथे एखादा प्रशिक्षणाचा दिवस करा. तिथे चूक झाली तरी बिल रुपयांत येतं."

मन्या चिडला. "म्हणजे आयुष्यभर कोइम्बतूर?"

"आधी कोइम्बतूर. मग रिंग."

मलाही हाच क्रम बरोबर वाटतो. कारीवर शिकून गेलेल्या माणसाला रिंगवर दोन फेऱ्यांत जे उमगेल, ते न शिकता गेलेल्याला दहा फेऱ्यांत उमगणार नाही, आणि प्रत्येक फेरीचे युरो मोजायचे आहेत.

शेवटी ठरलं ते इतकंच: पावसाळ्यानंतर कोइम्बतूर, आणि पुढच्या मे महिन्यात जर्मनी, सोमवार ते बुधवार रिंगजवळ. ताई म्हणाली, व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून भरता येतो, तारीख लवकर घ्या. आता भांडण उरलंय ते स्टीअरिंगचं. ज्याचं नाव करारात, तोच चालवणार. गाडी एक, माणसं चार, आणि तिघांनी आत्ताच सांगून टाकलंय की मागे बसायला ते तयार नाहीत.