पायथन पोरकी झालेली नाही

परवा रात्री साडेदहाला कोथरूडहून ताईचा फोन. आवाज घाबरलेला. "अगं, सईला ते पायथन शिकू द्यायचं की नाही? ग्रुपवर काय आलंय ते बघ." सई माझी भाची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दिवाळीच्या सुट्टीपासून रोज नेमाने पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकत बसते. मेसेज वाचला आणि माझी झोप उडाली. हाच मेसेज आमच्या ऑफिसातल्या आणखी दोघांच्या घरी पोचलाय, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

मेसेजचं म्हणणं असं: पायथनचा मालक 2018 मध्ये राजीनामा देऊन निघून गेला, तेव्हापासून ही भाषा पोरकी आहे. आता तिच्यात कोणीही काहीही घुसवू शकतं. खरी सूत्रं मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या हातात आहेत आणि त्या लवकरच वापराचे पैसे मागणार आहेत. शेवटी एका क्लासची जाहिरात, 'सुरक्षित' भाषेचा कोर्स, रविवारपर्यंत फी भरल्यास सवलत. ही शेवटची ओळ आधी वाचली की वरचं सगळं कशासाठी लिहिलंय ते कळतं.

'पोरकी' या शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण घडलं ते नेमकं उलटं. पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी 12 जुलै 2018 ला निर्णयाचे अधिकार सोडले, एवढं खरं आहे. त्यांना सगळे 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत आणि शेवटचा शब्द त्यांचाच असे. 'पेप 572' नावाच्या प्रस्तावावरून (पायथनच्या क्रमांक लावलेल्या लेखी प्रस्तावांना पेप म्हणतात), म्हणजे एका नव्या चिन्हावरून, महिनोन् महिने कडाक्याचं भांडण झालं. प्रस्ताव त्यांनी मंजूर केला, पण माणूस थकला होता. जाताना त्यांनी लिहिलं की मी वारस नेमणार नाही. लोकशाही आणा, हुकूमशाही आणा, काय हवं ते तुम्हीच ठरवा.

ताई, तू स्वतः सोसायटीची सेक्रेटरी आहेस. तुमचे जुने चेअरमन पद सोडून गेले तेव्हा इमारत पोरकी झाली का? सभा बोलावली, निवडणूक झाली, नवी कमिटी आली. इथेही तसंच झालं, आणि आपल्या सोसायट्यांपेक्षा कितीतरी शिस्तीत. कारभार कसा चालावा याचे सात वेगवेगळे प्रस्ताव लेखी आले, 8010 पासून 8016 पर्यंत क्रमांक लावलेले. मूळ विकासकांनी, ज्यांना कोअर डेव्हलपर म्हणतात, डिसेंबरात मतदान केलं आणि 8016 जिंकला. मधल्या पाच महिन्यांत नवे मोठे प्रस्ताव अडून राहिले, पण दुरुस्त्यांची 3.7.1 ही आवृत्ती ऑक्टोबरमध्ये बाहेर पडलीच. पोरक्या घरात अशी कामं होतात?

त्या मतदानातून कारभाराची जी नियमावली तयार झाली ती 'पेप 13' या नावाने सगळ्यांसाठी खुली आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी, अर्धा तासही लागत नाही. पाच जणांचं स्टीअरिंग कौन्सिल. प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर, म्हणजे साधारण दरवर्षी, नवी निवडणूक. कौन्सिलला अधिकार भरपूर, पण ते होता होईल तेवढे कमी वापरावेत असं तिथेच लिहिलंय, आधी एकमत शोधायचं. 2019 च्या पहिल्या कौन्सिलवर कोण निवडून आलं? 'पळून गेलेले' गिदोसुद्धा. पाचातले एक म्हणून, बाकीच्यांइतक्याच एका मताचे.

कोणीही काहीही घुसवू शकतं, हा दुसरा मुद्दा. बदल कोणीही सुचवू शकतं, सईसुद्धा. सोसायटीच्या तक्रारवहीत कोणीही लिहितं, म्हणून कोणी येऊन भिंत पाडत नाही. सुचवलेला बदल सगळ्यांसमोर तपासला जातो, चाचण्या चालतात आणि तो आत घेण्याचा अधिकार कोअर डेव्हलपरलाच असतो. कोअर डेव्हलपर व्हायचं तर आधीच्यांची दोन तृतीयांश मतं मिळवावी लागतात.

यात एक अर्धसत्य मात्र आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. पायथनची तयार पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला कोड, जिथून उतरवून घेतात, त्या पाय-पी-आयवर खरोखरच कोणीही खातं उघडून पॅकेज टाकू शकतं. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून बनावट माल ठेवणारे तिथे आहेत. 2017 मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयानेच असा एक गठ्ठा शोधून काढला होता. तेव्हा सई, पॅकेज घेताना स्पेलिंग दोनदा बघ. पण भाषा वेगळी आणि तिच्या दारातला बाजार वेगळा.

कंपन्यांचं म्हणाल तर पेप 13 मध्येच लिहिलंय की एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक कौन्सिलवर बसू शकत नाहीत. कंपन्या पगारी माणसं देतात, हे खरं. पायथनमधलं जुनं कुलूप, म्हणजे एका वेळी प्रोग्रॅमचा एकच धागा चालू देणारा जीआयएल, काढता येण्याजोगं करण्याचा 'पेप 703' मेटामधल्या इंजिनिअरने आणला. कौन्सिलने 2023 मध्ये तो मान्य केला तोही अटी घालून: हळूहळू करायचं, आणि फार मोडतोड झाली तर मागे फिरायची मुभा. सगळ्या भाषांचं असं नाही, हेही सांगते. गो भाषेचा कारभार गूगलची टीम बघते. मेसेज लिहिणाऱ्याने तिचं नाव घेतलं असतं तर निदान चर्चा झाली असती.

पैशांचं एका दमात सांगते. पायथनचं बोधचिन्ह आणि हक्क 2001 साली स्थापन झालेल्या ना-नफा पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहेत, आणि परवान्यात कुठल्याही मोबदल्याशिवाय वापरायची, बदलायची, वाटायची मुभा स्पष्ट लिहिलीय. ही भीती बहुधा जावा या दुसऱ्या भाषेवरून आली असावी. 2019 मध्ये ओरॅकल कंपनीने स्वतःच्या जेडीकेच्या, म्हणजे जावात प्रोग्रॅम लिहायच्या साधनसंचाच्या, व्यावसायिक वापराला पैसे लावले होते. तेव्हाही त्याचाच खुला अवतार असलेलं ओपनजेडीके मोफतच राहिलं.

ताईने फी भरलेली नाही. सई काल रात्री पेप 13 वाचत होती. मध्येच तिचा मेसेज आला: "मावशी, कौन्सिल चुकीचं वागलं तर काढता येतं का?" येतं, एकाला किंवा पाचही जणांना. दोन तृतीयांश मतं लागतात. त्याच पानावर आहे, थोडं खाली जा.